व्हाल बसेना

कल्याणच्या खाडीकाठी एका शेठजींनी भात सडायची गिरणी घातली, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. नुकतंच लग्न झालेलं आणि डोक्यात फाजील शहाणपण. शेठजींनी मुंबईहून मोडीत निघालेलं एक वाफेचं इंजिन आणलं आणि ते उभं करायला मिस्त्रींना ठेवलं. मिस्त्री पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात होते. साठी उलटलेली, डोळे अधू, रोज मोहन्याहून चालत यायचे बिचारे. पण कान! लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं की आत काय दुखतंय ते सांगायचे. त्या कानावरच त्यांची भाकर होती. मी त्यांच्या हाताखालचा फिटर.

पहिल्यांदा वाफ सोडली तर चाक रुसल्यासारखं फिरलं आणि निम्मी वाफ नुसती नळीतून बाहेर. मिस्त्रींनी पिस्टनकडच्या दोन्ही वाटा बंद राहतील असं चाक अडवलं, पुन्हा वाफ सोडायला लावली. "नळीतून येते का?" येत होती. "मग पिस्टन नव्हे. व्हाल बसत नाही." व्हाल म्हणजे पेटीत मागेपुढे सरकणारी लोखंडी झडप. ती आपल्या बैठकीवर गच्च बसली तरच वाफ कामाला लागते. आम्ही सपाट पाटीवर शेंदूर फासून व्हाल त्यावर घासला, जिथे लाल डाग उठला तिथे तासला. तीन दिवस तेच. मग इंजिन असं गोड चाललं म्हणता! आणि दीड दिवसात पुन्हा फुसफुस. पुन्हा उघडला, पुन्हा तासला, पुन्हा तेच.

आता माझी अक्कल ऐका. व्हालला वंगण म्हणून चरबी घालायची असते. कसली चरबी, देव जाणे. पहिल्याच दिवशी तो डबा हाताळून घरी गेलो तर आईनं अंगणातच अडवलं. "असले हात घेऊन देवघराकडे फिरकलास तर याद राख!" म्हटलं, तेल ते तेल. दुसऱ्या दिवसापासून समईचं तिळेल बाटलीत भरून न्यायला लागलो आणि गुपचूप पेटीवरच्या पेल्यात ओतायला लागलो. मिस्त्रींना दिसत नव्हतं, आणि मी कशाला सांगतोय!

तिसऱ्यांदा फुसफुसलं तेव्हा शेठजी येऊन उभे राहिले. "मिस्त्री, तुमच्यानं आता होत नाही. सोमवारी चाललं नाही तर मी मुंबईहून दुसरा माणूस आणतो." मिस्त्रींनी दांडा उजव्या कानाला लावून पाहिला, मग डाव्याला. मला विचारलं, "तुला काय ऐकू येतंय रे?" त्यांनी आजवर मला असं कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी पेटीचं झाकण मीच काढलं. व्हाल त्याच्या चौकटीत चिकटून बैठकीपासून वर उचलला गेला होता, आणि सगळीकडे तपकिरी खळ. नखानं खरवडली, वास घेतला. आमच्या समईच्या बुडाशी धरते तीच! मागच्या वेळी मी ती जुना मळ म्हणून घासलेटनं पुसून टाकली होती.

"काय दिसतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. मळ आहे."

अहो, जीभ कशी वळली तेव्हा! नोकरी जाईल, चार लोकांत शोभा होईल, एवढंच सुचलं. सगळं लख्ख पुसलं, नाक मुरडत हातानं चरबी भरली आणि ठरवलं, सोमवारी इंजिन चालेल, कोणाला कळायचं नाही. रविवारी भरल्या ताटावरून तसाच उठलो. बायको विचारून थकली.

सोमवारी मी उजाडताच वाफ धरली. चाललं! तासभर चाललं, टाळ धरल्यासारखं. शेठजींना सांगायला त्यांच्या गादीकडे धावलो. मिस्त्री तिथे आधीच उभे होते, हत्यारांचं बोचकं बांधून.

"माझा कान गेला, शेठ," ते म्हणत होते. "दुसरा माणूस बघा."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. समई, बाटली, आई, सगळं ओकलो. शेठजी मला तोंडाला येईल ते बोलले. ते मी ऐकलंच नाही. मी मिस्त्रींकडे बघत होतो.

"अरे, मला सांगायचंस ना," ते एवढंच म्हणाले. "एरंडेल चाललं असतं. रेल्वेत आम्ही तेच घालायचो."

शेठजींनी त्यांना ठेवून घेतलं, मलाही ठेवलं, मिस्त्रींच्या शब्दाखातर. त्यानंतर इंजिनानं कधी कुरकुर केली नाही. पण मिस्त्री रोज सकाळी दांडा कानाला लावायचे, बराच वेळ ऐकायचे, आणि मग तो माझ्या हातात द्यायचे.

"बरोबर आहे, मिस्त्री," मी म्हणायचो.

"नक्की ना रे?"