मुरुडच्या होडीवर चढलेलं चिनी अक्षर

ऑफिसचा माल चीनहून येतो, म्हणून साहेबांनी मला चिनीच्या वर्गाला जुंपलं. परीक्षा तोंडावर आली आणि मी एकाच अक्षरावर अडले: 上. उच्चार ‘शांग’, अर्थ ‘वर’. इथवर ठीक. पण कामावर जाणं, वर्गाला जाणं, जहाजावर चढणं, झालंच तर ‘गेला महिना’, सगळीकडे हे शांग नाक खुपसतं. घरात डोकं चालेना, तेव्हा शब्दांची कार्डं पिशवीत टाकली आणि पनवेलहून मुरुडची एसटी धरली.

जाणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा. वडखळपर्यंत खड्डे पाठ सोडत नाहीत, पण रेवदंड्याचा पूल ओलांडला की समुद्र त्याच बाजूने सोबत करतो. नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली, पर्यटक नव्हते, त्यामुळे लॉजवाल्याने मी न मागताच भाडं उतरवलं.

जेवायला मात्र कोळीवाड्यात हिराबाईंकडे जा. सकाळी सांगून ठेवावं लागतं. मांदेलीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. एवढ्यासाठीही तो प्रवास परवडतो.

ताटाशेजारी मी कार्डं मांडली होती. वाढता वाढता हिराबाई थबकल्या.

“ताई, ह्ये तुमच्याकडं कसं?”

आत जाऊन त्यांनी देवांजवळची एक फळी आणली. हळदकुंकू लावलेली, एका बाजूने मोडलेली. त्यावर काळ्या रंगात शांग.

मागच्या हंगामात त्यांच्या नवऱ्याची, धर्मांची, होडी उलटली. वाहत आलेल्या या फळीला धरून ते तरंगत राहिले, तोवर दुसरी होडी आली. त्यानंतर ते समुद्रात गेलेच नव्हते. आता होडी दुरुस्त होऊन उभी होती आणि उद्या पहिल्यांदा निघायचं होतं. हिराबाईंना ही खूण होडीच्या टोकावर काढायची होती. जावई म्हणाला, कंपनीचा शिक्का असेल. धर्मा म्हणाले, अर्थ कळल्याशिवाय काही काढायचं नाही.

ते पडवीत जाळं विणत होते. मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

ऑफिसच्या मालावर हे अक्षर रोज दिसतं; मला अर्थ माहीत होता, आणि तो सांगवेना. म्हणून मी पुस्तकातलं सांगू लागले. “जहाजावर चढणं म्हणजे शांग छ्वान. पाण्यातून किनाऱ्याला लागणं म्हणजे शांग आन...”

“ताई, पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या,” धर्मा म्हणाले. “ह्या फळीव काय लिवलंय?”

“खोक्याची फळी आहे काका. ही बाजू वर ठेवा, एवढंच. आतला माल उलटू नये म्हणून लिहितात.”

हिराबाईंचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. परक्या घरात शिरून मी त्यांचा देव खोक्यात भरला होता.

धर्मांनी सुई खाली ठेवली. “ही बाजू वर?”

“हो.”

“मंग होडीला आनखी काय पायजे?” ते बायकोकडे वळले. “पिवला रंग हाय ना गो? काढ.”

खडूने अक्षर मी काढून दिलं: आधी उभी रेघ, मग छोटी आडवी, शेवटी खालची लांब. हिराबाईंनी रंग भरला.

सकाळी मी उठले तेव्हा होडी गेलेली होती. दुपारची एसटी धरायची असं ठरवलं होतं. एक सोडली, नंतरचीही सोडली. मला काय त्याचं, असं मनाशी म्हणत मी हिराबाईंशेजारी किनाऱ्यावर बसून राहिले. ऊन कलल्यावर एक होडी दिसली. माणूस ओळखू येण्याआधी पिवळं अक्षर दिसलं. हिराबाई टोपली घेऊन तशाच पाण्यात शिरल्या.

“ताई,” धर्मा लांबूनच ओरडले, “बाजू वरच हाय!”

परीक्षेत शांग वापरून वाक्य करायला आलं. मी पुस्तकातलंच लिहिलं: मी रोज कामावर जाते. मार्कही मिळाले.

परवा ऑफिसच्या गोदामात एक खोकं उलटं ठेवलेलं दिसलं, शांग डोक्यावर उभं. आत प्लास्टिकचे हँगर होते, कसेही ठेवले तरी चालले असते. मी पर्स खाली ठेवली आणि खोकं सरळ केलं.