दत्तूचं नरसाळं

कमल, अशी जवळ ये बघू. बार्शीला तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. माहेरी गेलीस म्हणून नणंद परकी झाली का गं? आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीतच लिहिते. तुझे वडील ती वाचतात, तुझ्या कानावर घालतील. इतरांनीही खुशाल ऐकावं. माझा धाकटा भाऊ दत्तू, हिचा नवरा, गेला त्याला सव्वा महिना झाला...

मुंबईहून तार आली तेव्हा मी ज्वारी निवडत होते. पोस्टातल्या माणसानं मजकूर वाचून दाखवला, तर मी त्यालाच म्हटलं, "पत्ता चुकलाय तुमचा. आठ दिवसांमागं तो इथं जेवून गेलाय." बत्तीस वर्षांचा माणूस. ना ताप, ना पडझड. गोदीतल्या कारखान्यात टेबलाशी आकडे मांडत बसला होता, मान खाली गेली आणि संपलं. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तोंड पाहायला मिळालं नाही, म्हणूनच की काय, मला ते अजून खरं वाटत नाही.

आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं. लढाऊ जहाजांवर बिनतारी संदेशाची यंत्रं असतात. त्यांच्यासाठी डोलकाठ्यांवर तारा ताणाव्या लागतात. त्या किती लांब, कुठून कुठं न्यायच्या, हे ठरवायचं त्याचं काम. "बिनतारीला तार कशाला रे?" मी चिडवायची. "अक्का, बोलायला तोंड नको व्हय?" म्हणायचा.

पहिली मोठी तार त्यानं सुट्टीत आमच्याच घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, दोन बांबूंना बांधून जुळवली. तार जिथं खाली यंत्राच्या खोलीत शिरते तिथं चिनीमातीची नळी बसवतात, वीज बाहेर निसटू नये म्हणून. इथं सगळं झकास चाललं. जहाजावर चढवलं आणि दुसऱ्याच दिवशी जहाज मुकं झालं. सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेला तो, खारं पाणी त्याच्या ध्यानातच आलं नाही. लाटांचे शिंतोडे उडून नळीवर मिठाची साय धरली, आणि वीज तिच्यावरून जहाजाच्या लोखंडात उतरली. साहेब म्हणाला, पुन्हा असं झालं तर गावी जा.

आला तो उतरल्या चेहऱ्यानं. "अक्का, मूठभर मीठ दे आन् घागरभर पाणी." चैत्राचं ऊन, आणि आम्ही दोघं माळवदावर. मी तांब्यानं खारं पाणी शिंपडायचं, त्यानं वीज मोजायच्या डबीतला काटा बघायचा. शिंपडलं की काटा कोसळायचा. शेजारची नरसम्मा माग सोडून भिंतीवरून डोकावायची. "अक्का, तारेचं लोणचं घालतीस काय?"

तिसऱ्या दिवशी माझी पाठ भरून आली. वैतागून म्हटलं, "अरे, त्या नळीला टोपरं घाल की. पाणी पडंल त्याच्यावर." हसला. मग एकदम उठून खाली गेला, माझं रॉकेलचं नरसाळं आणलं, तारेत ओवलं आणि नळीवर उपडं बसवलं. मी तांब्यामागून तांब्या ओतला. काटा जागचा हलला नाही.

जहाजावर तसंच पितळेचं, मोठं करून बसवलं. भर पावसातही जहाज बोलत राहिलं.

हे त्यानं मला शेवटच्या खेपेला सांगितलं. "साहेबानं पाठ थोपटली, अक्का. पण नरसाळं तुला सुचलं, ते सांगितलं न्हाय मी. हसतील वाटलं."

"व्हय, हसतीलच की. बाईची अक्कल ती," म्हणून मी आत गेले. सकाळी गाडीला निघताना तो पाया पडला. दरवेळी मी डोक्यावर हात ठेवते, त्या दिवशी ठेवला नाही. "येतो," म्हणाला. मी चूल फुंकत राहिले.

कमल, तुझा भाऊ परवा येऊन गेला. तू म्हणतेस म्हणे, अक्कांचा यांच्यावर राग होता, मी कुठल्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ? राग होता गं, खोटं कशाला सांगू. साहेबाची शाबासकी मला नकोच होती. दत्तूला माझी लाज वाटली, तेवढंच लागलं मला. पुढच्या खेपेला तो दारात दिसताच निवळलं असतं, पण पुढची खेपच झाली नाही.

त्या खेपेला तो मुंबईला घरी पोचला, पायातलं काढून बसला, तेव्हा माझ्याबद्दल काय म्हणाला, ते तुला एकटीला ठाऊक आहे. वाईट बोलला असेल तरी मी ऐकून घेईन. पत्रात मात्र लिहू नकोस. आतली खोली झाडून ठेवली आहे. लवकर ये, आणि माझ्यासमोर बसून सांग.