गोटीरामशेठच्या हाताचा जोर

गोटीरामशेठचा हात कोपरखैरणे गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. कुणी दारात गाडी लावली, तर शेठ आधी थोबाड फोडायचा आणि मग नाव विचारायचा. लोक म्हणायचे, रागीट आहे, पण मनाने चांगला. मनाने चांगला! बायकोचं डावं मनगट त्याने दाराच्या फटीत धरून मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं.

मग त्याचं हृदय थकलं, पायांत पाणी भरलं आणि तो वाशीच्या एका हॉस्पिटलात पडला. त्याला मूठही वळवेना. त्याची बायको शेवंताबाई लग्नानंतर पहिल्यांदा निवांत झोपली, तेही वॉर्डातल्या स्टुलावर.

व्यायाम करून घ्यायला संध्या नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. पहिल्याच दिवशी शेठने तिला स्टीलचा पेला फेकून मारला. तिने तो उचलला आणि शेठला उभं केलं.

"काका, चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं, की लगेच बसायचं."

शेठ पॅसेजभर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालला. "मस्त, बोलता येतंय, अजून चाला," संध्या म्हणाली. शेवंताबाईला हसू आलं.

ते फार टिकलं नाही. घरी सोडायच्या आधी संध्याने रबरी पट्टा आणला. "हळूहळू ताणायचा. हातांना जोर येईल."

शेवंताबाईने पट्ट्यावर हात ठेवला. "पोरी, पायांचा शिकव. हातांचा नको."

संध्याची नजर तिच्या मनगटाकडे गेली. "फक्त चालवलंत तरी चालेल, मावशी," ती हळूच म्हणाली. पण शेठने पट्टा हिसकावून घेतला होता.

घरी तो रोज पट्टा ताणायचा, बायकोकडे बघत. ती त्याला अंगणात चालवायची, डॉक्टरांनी सांगितलं तसं अळणी रांधायची आणि मनात धास्तावलेली असायची.

एके दुपारी त्याने कालवणाचा टोप भिंतीवर भिरकावला. "मीठ कुठं हाय? तुज्या आयला, मना मारतेस काय?" पहिल्या थपडेत तिचा ओठ फुटला. तिचे केस धरून त्याने डोकं कपाटावर आपटलं. पुन्हा हात उगारला, शिवी सुरू केली आणि शिवी अर्ध्यातच तुटली. धाप लागली. डोळे पांढरे झाले.

शेवंताबाईने वाकड्या मनगटाच्या हातानेच त्याचा उगारलेला हात धरला. "बोलना तुटला. आता बसाचा."

तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि छातीवर तळवा ठेवला. आत काळीज धडधडत होतं, मध्येच चुकत होतं. हात काढायला ती विसरली. उलट थोडा दाबला. शेठचे डोळे विस्फारले. माणूस मारायला किती थोडा जोर लागतो, हे तिला त्या क्षणी कळलं. मग तिने हात काढला.

पण ते त्यालाही कळलं होतं. रात्री तो अळणी कालवण मुकाट्याने जेवला. पट्टा तिने त्याच्यासमोर विळीवर कापला आणि म्हणाली, "उठा, चालाचा हाय."