डाव्या सीटवरचं ऐंशी किलो

जिंतूर नाक्याच्या पुढं लिंबाच्या सावलीला आश्रुबाचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, वर चार पत्रे, खाली गाडीच्या पोटाशी उभं राहता येईल असा एक खड्डा, आणि भिंतीला टांगलेले पाने. आश्रुबा मूळचा चुडाव्याचा. बाप रेल्वेत गँगमन होता. जमिनीवर आडवा पडून, एक डोळा मिटून रूळ कुठं वाकलाय ते बोटभर फरकानं सांगायचा. लेकानं रूळ सोडले आणि ट्रॅक्टर-जीपा धरल्या, पण डोळा बापाचाच घेऊन आला. गाडी नुसती लांबून येताना बघायची आणि सांगायचं, "मालक, मागचा ऍक्सल डावीकडं सरकलाय तुमचा." मालक हसायचे, मग मोजायचे, मग गप बसायचे.

बन्सीधर वालूरकडच्या बड्या शेतकऱ्याचा धाकटा. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्या जळत होत्या, तेव्हा आश्रुबा नेमका त्याच्या शेतावर ट्रॅक्टर खोलून बसलेला. बन्सीधरनं त्याला चार दिवस ट्रॅक्टरच्या शेडात ठेवलं. भाकरी स्वतः आणून दिली. त्याला शोधत आलेल्या पोरांची दारात आडवं उभं राहून आयमाय काढली. तेव्हापासून एकट्यात ते बन्शा आणि आश्रू, चारचौघांत बन्सीधरराव आणि मिस्त्री. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण पंधरा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात बन्सीधरनं पुण्याहून एक जुनी पांढरी गाडी आणली. आपल्याकडच्या गाड्यांना मागं लोखंडी पट्ट्यांचे पाटे असतात, हिला पाटे नव्हते. मागचा ऍक्सल स्प्रिंगांवर बसलेला आणि चार लोखंडी दांड्यांनी पुढं धरून ठेवलेला. दोघांना नाद लागला. येत्या फेब्रुवारीत नाशिकला कच्च्या रस्त्यांची मोटार-शर्यत होती. त्या शर्यतीत गाडीत दोन माणसं लागतात. एक चालवणारा, आणि डाव्या सीटवर वही घेऊन पुढचं वळण आधीच सांगणारा. चालवणारा बन्सीधर. सांगणारा आश्रुबा.

गाडीचे मूळचे दांडे पातळ पत्रा वळवून केलेले होते. येलदरीच्या रस्त्यावर दोन खड्ड्यांत ते वाकले. बन्सीधरनं कोइमतूरहून शर्यतीचे दांडे मागवले. चकचकीत माल, लांबी कमी-जास्त करायला आटे, दोन्ही टोकांना उघडे लोखंडी गोळे. आश्रुबानं एक दांडा हातात फिरवून बघितला आणि परत खोक्यात ठेवला.

"कामून रे?" बन्सीधर म्हणाला. "लय नावाजलेली चीज हाय."

"नावाजलेली हाय, पण डांबरावरची. आपल्या काळ्या मातीचा फुफाटा ह्या गोळ्यात शिरला का महिन्यात खडखडा वाजंल. पुढच्या टोकाला रबरी बुश पाहिजे, मागच्या टोकाला आटे बास झाले."

"मंग आणायचे कुठून?"

आश्रुबानं कोपऱ्यातल्या ट्रॅक्टरच्या टॉपलिंककडं बोट केलं. नांगराचा कल बदलायला मधली नळी फिरवली की लांब-आखूड होणारा दांडा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बन्सीधरला समजायला वेळ लागला नाही. तो इतका हसला की खाली बसला. "नांगराचं सामान घालून नाशिक मारायचं म्हण की!"

तसंच केलं. जाड नळ्या कापून, आटे पाडून आश्रुबानं चार दांडे बनवले. जोडताना त्याची एक रीत होती. ऍक्सल काटकोनात आहे का ते दोन्ही बाजूंना सूत ताणून बघायचा, आणि बुशाचे बोल्ट शेवटी आवळायचा, गाडी चाकांवर उभी असताना, आत बसणाऱ्यांचं वजन ठेवून. हवेत टांगलेल्या गाडीचे बोल्ट आवळले की खाली उतरल्यावर रबर पिळून राहतं आणि लवकर फाटतं. पण तो खाली खड्ड्यात असताना डाव्या सीटवर त्याच्या जागी कोण बसणार? मग शेजारच्या अडतीवर ज्वारीची दोन पोती तोलून आणली. बन्सीधरचं बहात्तर किलोचं, आश्रुबाचं चोपन्नचं.

"पोत्याला तरी गाडीत बसवायलात," आश्रुबाची बायको पंचफुला म्हणायची, "मला कवा बसवणार?"

"तू पोत्यावानी गप बसशील का?" आश्रुबा म्हणायचा, आणि तिचं तांब्यातलं पाणी अंगावर यायचं.

हिवाळाभर दोघांनी येलदरीचा रस्ता पिंजला. आश्रुबा वहीत खुणा काढायचा आणि वाचायचा, "उजवं, आवळ. खड्डा. सोड, सोड." तो म्हणेल तिथं बन्सीधर डोळे झाकून गाडी टाकायचा. गाडीच्या आवाजात आश्रुबाचा आवाज बारीक व्हायचा, पण थरथरत नव्हता. पंचफुलानं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमचे नाशिकला जायलेत, शर्यतीत बसायला.

चौदा जानेवारीला विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीत रोषणाई झाली, पंचफुलानं दारोदार पेढा वाटला. बन्सीधर मात्र त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गाडी त्याच्या शेडात उभी होती. वातावरण तापलेलं आहे, घरचे सोडत नसतील, असं आश्रुबानं मनाशी धरलं.

शर्यतीला आठ दिवस उरले तेव्हा तो आला. भर दुपारी, गाडी घेऊन, एकटा.

"आश्रू, मागची सेटिंग एकदा बगून घे."

"बगतो की. पोती आण आतली."

बन्सीधर जागचा हलला नाही. "डाव्या सीटवर ऐंशी धर."

"ऐंशी? पेढे खाऊन मी येवढा फुगलो व्हय?" आश्रुबा हसत खड्ड्यात उतरला. "ज्यादाचं सामान डिकीत टाक. सीटवर धरलं तर डावी बाजू बसंल."

"सामान न्हाई."

"मंग?"

"सूर्यभान ऐंशी भरतो."

सूर्यभान म्हणजे बन्सीधरच्या बायकोचा भाऊ. आश्रुबा खड्ड्यात उभा होता. वर गाडीचं पोट, आणि चाकाच्या पलीकडं बन्सीधरचे बूट.

"सूर्यभान तर जीपमधी वालूर ते सेलू दोनदा वकतो," तो हळू म्हणाला. "वही कशी वाचंल त्यो?"

"वकू दे."

"बन्शा."

"दादा मार्केट कमिटीला उभा राहायलाय. गाडीच्या दारावर दोघांची नावं रंगवायची हायेत. पेपरात फोटू येतो." बूट जागच्या जागी हलले. "घरात म्हणले, विद्यापीठाला नाव दिलं तेवढं बास, आता आपल्या गाडीलाबी द्यायचं व्हय."

"तू काय म्हणलास?"

"म्हणलं, गाडी आश्रूनं केली."

"आन ते?"

"म्हणले, मंग मागून जीपमधी येऊ दे. पाने घेऊन." बूट चाकाजवळ सरकले. "तू ये, आश्रू. रस्त्यात काई झालं तर तुह्याबिगर..."

आश्रुबा खड्ड्यातून वर आला. त्याच्याकडं न बघता आत गेला. चोपन्नचं पोतं पाठीवर आणून डाव्या सीटवर ठेवलं. मग कोपऱ्यातले जीपचे मोडके पाटे घेऊन अडतीवर गेला, सव्वीस किलो तोलून आणले आणि पोत्यावर रचले. गाडी डावीकडं नखभर बसली. उजवीकडं बन्सीधरचं बहात्तर ठेवलं. सूत ताणलं. पुन्हा खाली उतरला.

अठ्ठ्याहत्तरला शेडाच्या दारात आडवा उभा राहिलेला माणूस वर उभा होता. तेव्हा हातात कुऱ्हाडी असलेली पोरं होती, तरी हा हटला नव्हता. आता घरात जेवताना कुणीतरी एक टोमणा मारला, आणि हटला. आश्रुबाला राग यायला पाहिजे होता. राग येईना. त्या शेडातली भाकरी तेवढी आठवत होती.

डाव्या दांड्याला अर्धा फेरा द्यायचा होता. नळीवर पाना लावून तो थांबला. फेरा नाही दिला तर? दांड्याची लांबी पकडून ठेवणारा चेकनट हातानंच बसवून सोडला तर? दहाव्या मैलाला, डाव्या वळणावर मागचा भाग सुटला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. सूर्यभान असता आत. आणि बन्शा असता.

त्यानं अर्धा फेरा दिला. चेकनट आवळला. पुन्हा आवळला.

"आश्रू, काई बोल की."

"एकोणीसचा पाना द्या, बन्सीधरराव."

तिथं दुसरं कोणी नव्हतं. बन्सीधरनं पाना खाली दिला.

काम झालं. आश्रुबानं रबर चाचपलं, सूत पुन्हा दोन्ही चाकांना लावलं. नीट बसलं होतं, आजपर्यंत बसलं नव्हतं इतकं नीट. बन्सीधरनं डावं दार उघडलं आणि पाट्यांना हात घातला. "चल. येलदरीपर्यंत एक चक्कर मारू. तू बसल्याबिगर मला कळत न्हाई."

"मी बसलो तर चुकीचं कळंल," आश्रुबा म्हणाला. "आता ती मह्या वजनाची न्हाई. ज्याला बसायचंय त्याला घेऊन जा."

"आश्रू, मह्याकडं बग तरी."

आश्रुबानं बघितलं. पंधरा वर्षांचा दोस्त होता, डोळे लाल झालेले. त्याला वाटलं, हा आता एक शब्द बोलेल. न्हाई म्हणून सांगतो घरी, एवढाच. तो बराच वेळ वाट बघत उभा राहिला. बन्सीधरनं दार लावलं, पोती-पाट्यांसकट गाडी काढली. गाडी नाक्याकडं सरळ गेली, सुतासारखी.

संध्याकाळी पंचफुलानं धोतर-सदरा धुऊन घडी घातलेला दाखवला. "कवा निघायचं म्हणले?"

"ते आयतवारी निघायलेत."

'ते' म्हटल्यावर तिला कळलं. तिनं ताट घेतलं. भाकरी वाढली, कांदा फोडून दिला, समोर बसली. आश्रुबानं एक घास घेतला आणि तो घास तोंडात तसाच धरून रडायला लागला. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि त्याची पाठ चोळत राहिली.

मग म्हणाली, "मी गल्लीत काय सांगू?"

"सांग, गाडी लय सरळ चालायली म्हणून."

तिनं तसंच सांगितलं. शर्यत होऊन गेली तरी बाया विचारायच्या, आणि ती तेवढंच सांगायची.