खांद्यावरचा हात

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

महाडला आमचा फोटो स्टुडिओ. दर मार्चला चवदार तळ्यावर माणसं लोटतात, तेव्हा मी कॅमेरा घेऊन तिथे उभा असायचो. तिथेच दिनेश भेटला — पोलादपूरकडच्या वाडीतला, शाळामास्तर. आईचा फोटो काढून घ्यायला आला होता. फोटो धुवायच्या डेव्हलपरमध्ये बोटं बुडवून बुडवून माझी नखं कायम तपकिरी असत. म्हातारी ती बघून हसली, "मेंदी लावलीस काय रे?" पुढे सहा वर्षं मी तिच्या हातची भाकरी खाल्ली. दिनेशचा मित्र म्हणून. मित्र — काय सोयीचा शब्द आहे, नाही?

एका दुपारी आंबेनळी घाटात कॅमेरा कठड्यावर ठेवला, टायमर लावला आणि धावत जाऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला. धावताना माझी एक चप्पल वाटेतच राहिली, म्हणून तो खदखदून हसला. तेवढ्यात फोटो निघाला. मी काढलेला सगळ्यांत चांगला फोटो तोच. त्यात मी होतो, आणि सुखात होतो.

मग मुंबईहून बोलावणं आलं. आमच्यासारख्यांच्या, पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांच्या, आनंदाचं प्रदर्शन, सात-आठ फोटोग्राफर मिळून. रडकं काही नको, म्हणाले, हसरे फोटो आणा. मी दिनेशला विचारलं.

"दोघं दिसनार असू तर लाव," तो म्हणाला. "येकटा नको."

मी शब्द दिला. दिला — आणि काय केलं? घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. डार्करूममध्ये फोटो मोठा करायच्या एनलार्जरखाली चौकट सरकवत गेलो. आधी माझा चेहरा गेला, मग छाती. हात मात्र जाईना. तो कापायचा तर दिनेशचा खांदाही कापावा लागत होता. राहू दिला.

प्रदर्शनात त्या हाताचंच कौतुक! कुणाचा असेल, किती बोलका आहे — वा! मी म्हटलं, ओळखीतलं जोडपं आहे. भिंतीवर सगळ्यांचा आनंद टांगलेला, आणि मी करून सवरून नामानिराळा. एका बातमीदाराने छापायला प्रिंट मागितली. नको म्हणता आलं नसतं का? आलं असतं. दिली.

पेपर पोलादपुरात पोचला. दिनेशच्या वर्गात फळ्यावर पोरांनी काय लिहिलं, ते एका गिऱ्हाइकाने मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो. हो — हसलो. त्याच महिन्यात दिनेश नोकरी सोडून गेला. कुठे, ते त्याने मला कळवलं नाही. का कळवावं?

आठ दिवसांनी त्याची आई स्टुडिओत आली. एसटीने, एकटी. दुकानात लग्नाचा अल्बम न्यायला आलेली मंडळी बसली होती. तिने पिशवीतून पेपर काढून काउंटरवर पसरला आणि बोट ठेवलं — हसऱ्या लेकावर नाही, त्या हातावर.

"ही मेंदी मी वळखते," ती म्हणाली. "वाडीत लोक काय काय बोलतात रे. तू येऊन येकदा सांग. माजा पोरगा येकटा नव्हता, येवडंच सांग."

मी दोन्ही हात काउंटरखाली घेतले.

"बाई," मी म्हटलं, "इथे रोज किती फोटो येतात. कोण कुठला, मला काय माहीत?"

तोवर मी तिला आये म्हणायचो.

तिने पेपरची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि दाराकडे वळली. अल्बमवाल्यांनी विचारलं, कोण हो या?

"कुणी नाही," मी म्हणालो. "दुकान चुकली."

ती अजून पायरी उतरत होती. तिला ऐकू गेलं.