भावाचा कागद

गल्लीत तिला सगळे छापताई म्हणत. तिच्या छपाईच्या दुकानावर भलंमोठं नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायला सवड कोणाला? एका बाजूला कॉलेज, दुसऱ्या बाजूला कोर्ट. पोरांचे प्रकल्प आणि वकिलांचे अर्ज, दोघांची घाई हिच्याच डोक्यावर. बाई तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. नवा गठ्ठा आला की त्यातलं एक पान कानाशी हलवून बघायची. करकरीत वाजलं तर ठेवायचं, नाहीतर गठ्ठा आल्या पावली परत. कागदवाले तिला टरकून असत.

फक्त एकाचा कागद तिने कधी वाजवून घेतला नाही, धाकट्या भावाचा. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याचं नाक पुसण्यापासून शाळेच्या अर्जावर सही करण्यापर्यंत सगळं हिनेच केलेलं. त्याने कागदाची एजन्सी घेतली आणि हिने बाकीच्यांना त्याच दिवशी नारळ दिला. कोणी हटकलंच तर म्हणायची, "भावाचा माल तपासायचा? मग त्याला भाऊ कशाला म्हणायचं!"

मग छपाई बिघडली. काळ्याचं करडं झालं, मधेच पांढरे ठिपके पडू लागले आणि अंगठा फिरवला की अक्षरं चक्क बोटाला लागू लागली. तिने टोनर बदलला, ड्रम पुसला, सेटिंग गडद केलं. कशाचा काही उपयोग नाही. एके दिवशी एका वकीलबाईंनी अर्ज आणून टेबलावर आपटला. "साहेबांनी पान उलटलं आणि माझ्या अशिलाचं नाव त्यांच्या अंगठ्यावर गेलं! सगळं कोर्ट हसत होतं."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं, ते मेकॅनिकवर. बारा वर्षं तो हिची मशीनं सांभाळत होता. गिऱ्हाइकांच्या देखत ती त्याला म्हणाली, "नकली टोनर भरलात ना? मला फसवता?"

पिशवीतून स्वतःचा कागद काढून त्याने त्यावर एक पान छापलं, अंगठ्याने खसखसून घासलं. अक्षर हललं नाही. मग तेच पान तिच्या कागदावर छापून घासलं, तर सगळं पुसलं गेलं.

"मशीन ठणठणीत आहे, ताई. तुमचा कागद दमट आणि खरबरीत आहे. टोनरची पावडर वितळून कागदाला धरायला हवी, ती नुसती वर बसून राहते. हा या मशीनचा कागदच नव्हे."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून माफीऐवजी निघालं ते हेच, "माझ्या भावाला कोणीतरी गंडवलं असणार. फार साधा आहे हो तो." परक्याने दगा दिला तर माणूस भांडायला उठतं, घरच्याने दिला तर त्याच्यासाठी सबबी शोधत बसतं. मेकॅनिकने पिशवी आवरली आणि तो चहा न घेता गेला.

तिने लगेच भावाला फोन केला. "अरे, कोणीतरी खराब माल तुझ्या गळ्यात मारलाय."

"हो का? बघतो, ताई."

बिचाऱ्याचं किती नुकसान झालं असेल, या विचाराने तिला दुपारी जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी भाऊ स्वतःच आला. त्याच्या मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प छापायचा होता, चार प्रती. हातात पेनड्राइव्ह आणि काखेत कागदाचा नवाकोरा गठ्ठा.

"हिचं तेवढं या कागदावर काढ हं, ताई."

"का? माझ्याकडे तुझाच कागद आहे की."

"नको, त्यावर अक्षर टिकत नाही," तो सहज बोलून गेला.

"तुला माहीत होतं?"

"अगं, पडून राहिलेला माल होता. बाकीचे दुकानदार बघून घेतात. तू काही बघत नाहीस."

इतका संताप आणि इतकं रडू एकदम तिला कधी आलं नव्हतं. पण भाचीचा काय दोष? तिने चारही प्रती छापल्या, पान न् पान अंगठ्याने घासून पाहिलं, नीट बांधून दिल्या.

भावाने प्रती काखेत मारल्या आणि दारातून विचारलं, "पुढच्या आठवड्याचा माल नेहमीएवढाच पाठवू ना?"

"पाठवू नकोस," ती म्हणाली. "आणि तूही येऊ नकोस."

तो हसला. ताई रागावली की असंच बोलते, एवढंच त्याला वाटलं.