आधी पाणी बघू

नांदेडपासून लातूरपर्यंत शंकेखोर माणसं पुष्कळ असतील, पण शंकेचं शास्त्र करून ठेवलेला माणूस एकच, आणि तो नेमका आमचा थोरला मामा असावा, हे माझ्यासारख्या पत्रकं वाटणाऱ्या मुलीचं दुर्दैव. केळीवाला 'अर्धापूरची' म्हणाला की मामा शिवाराचं नाव विचारतात, मग शेतमालकाचं. तोवर केळी काळी पडतात. लग्नपत्रिका आली की मुलीच्या बापाला फोन करून लग्न ठरल्याची खात्री करतात. एका बापानं चिडून 'येऊच नका' सांगितलं, तर बोलणारा खरंच बापच होता का, हे विचारायला मामांनी पुन्हा फोन लावला.

याचं मूळ भूकंपात आहे. मामा तेव्हा किल्लारीकडे गणिताचे मास्तर होते. गाव पडलं, शाळा पत्र्याच्या शेडात भरू लागली. कुणीतरी 'आला, आला' ओरडायचं आणि पोरं एकमेकांना तुडवत बाहेर पळायची. मग मामांनी टेबलावर स्टीलचा पेला काठोकाठ भरून ठेवला. ओरडा झाला की म्हणायचे, "आधी पाणी बघू." पाणी हललं तर पळायचं, नाहीतर गणित पुढे. तो पेला आजही नांदेडच्या घरात भरलेला असतो. तहानलेल्या पाहुण्यानं त्याला हात लावलेला मामांना चालत नाही, आणि स्वतः तर त्यातला घोटही घेत नाहीत.

क्लासवाल्यांच्या लुटीविरुद्ध पत्रकं काढता काढता मी मामांचे धडे रेकॉर्ड केले आणि 'पत्र्याची शाळा' या नावानं फुकट वेबसाइट सुरू केली. किनवटच्या वसतिगृहातल्या मुली तिच्यावरच अभ्यास करतात. ऐन परीक्षेच्या तोंडावर लातूरच्या एका क्लासचा ईमेल आला: हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे, वेबसाइटचा पत्ता सोडा, नाहीतर कारवाई. मी तासाभरात पत्रक लिहिलं, 'पत्रा गरिबांचा, एसी तुमचा!', आणि छापूनही आणलं. मामांनी लॅपटॉपशेजारी पेला आणून ठेवला.

"मामा, चोर आहेत हे."

"असतील. पण चोराला लई घाई असती. ह्यांनी पैसे मागितले का? हितं दाबा, तितं दाबा म्हणले का?"

नव्हते म्हणाले. नोंदणीचा नंबर दिला होता. सरकारी वेबसाइटवर तो सापडला, एका बाईच्या नावावर, शिकवणीच्याच कामासाठी. मामांनी ईमेलमधला फोन नंबर बाजूला ठेवला, क्लासच्या जाहिरातीवरचा लावला. ईमेल त्यांचाच निघाला. तक्रार जसजशी खरी ठरत गेली, तसतशी मी जास्त चिडत गेले. राहता राहिला प्रश्न, नाव आधी कुणी वापरलं? "त्ये हितं बसून दिसणार न्हाई," मामा म्हणाले. "जाऊन बघू."

लातूरला क्लास तिसऱ्या मजल्यावर. पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेत. मामा नेहमीप्रमाणे दाराला चिकटून बसले. स्लॅबवर त्यांचा अजून विश्वास नाही. एक बाई पाठमोऱ्या गणित सोडवत होत्या. खालून डंपर गेला, खिडक्या थरथरल्या, मुलांच्या माना वर झाल्या. बाई फळ्याकडेच बघत म्हणाल्या, "आधी पाणी बघा."

टेबलावर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला होता.

मग त्या वळल्या आणि हातातला खडू तसाच राहिला. "सर?" म्हणाल्या. नोटीस वकिलानं धाडली, वेबसाइट आपण उघडूनही बघितली नाही, हे सांगताना त्या शेडातल्या पोरीइतक्या लहान दिसत होत्या. मी मात्र बजावलं, की नाव मामांच्या शाळेचं आहे, मागे हटणार नाही.

"मी कुठं ठेवलं गं नाव?" मामा म्हणाले. "त्या पोरांनी ठेवलं. ही त्यातलीच. तक्रार खरी हाय."

पत्ता आम्ही सोडला. परीक्षा होईपर्यंत तो चालू ठेवायचा आणि मग किनवटच्या मुलींना आमच्या नव्या पत्त्यावर धाडायचं, हे बाईंनी आपणहून कबूल केलं. मामांनी, आश्चर्य म्हणजे, ते लिहून मागितलं नाही. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मुली आता गणितं सोडवतात.

निघताना मामा दारापासून उठले, वर्गाच्या मधोमध, स्लॅबखाली, जाऊन उभे राहिले. टेबलावरचा तो पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.